सोमवारी आरवणारा कोंबडा

शेवटी वैभव परबने कोंबडा धरला. हाताने, दिवसाढवळ्या, सगळ्या चाळीसमोर.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण असं काही घडलेलं नाही, असा करी रोडच्या सातेरी निवास चाळीच्या कमिटीने एकमताने ठराव केला आहे, आणि या चाळीत एकमत ही कोंबडा धरण्यापेक्षाही दुर्मीळ गोष्ट आहे. तेव्हा कोंबडा कोणी धरला नाही, आणि गोष्ट तिथूनच सुरू करू.

गोष्टीला सुरुवात झाली ती वैभवच्या तोंडामुळे. वैभव एका कुरिअर कंपनीत फोनवर बसायचा. पार्सल कुठे आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता त्याला समाधानी ठेवणं, हे त्याचं काम. अशा नोकरीत माणसाला बोलायची सवय लागते. ज्या मुलीशी त्याचं जुळलं होतं त्या पूर्वी सावंतच्या घरी तो पहिल्यांदा गेला, तेव्हा पूर्वीचे वडील लवू सावंत, निवृत्त बसचालक, सोफ्यावर बसून आपल्या तरुणपणी गावात कोंबडे कसे पळून पळून धरले ते सांगत होते. एक कोंबडा तर म्हणे त्यांनी कोंबड्या झाकायच्या झापाखाली हात घालून, डोळे मिटून, आवाजावरून धरला होता. वैभवने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण तो म्हणाला, "आमच्या चाळीतही गावठी कोंबडे आहेत. रविवारचा कोंबडा मीच धरतो."

पूर्वीने चहाच्या कपाआडून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ 'मेलास' असा होता.

"अस्सं?" लवू सावंत सावरून बसले. "मग येत्या रविवारी येतो आम्ही जेवायला. आषाढातला शेवटचाच रविवार आहे. तू धरलेला कोंबडा, त्याचा रस्सा आणि वडे. जेवण झालं की लग्नाचं बोलू. आणि बाजारातला आणलास तर मला पहिल्या घासाला कळेल हां."

रविवार हुकला तर पुढे श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. म्हणजे थेट दिवाळीनंतर. आणि दिवाळीत पूर्वीचा ठाण्याचा आतेभाऊ, ज्याचा स्वतःचा वन बीएचके होता आणि जो लवूंना जावई म्हणून चालला असता, सुट्टीवर यायचा होता.

वैभव अगदीच खोटं बोलला नव्हता. चाळीत कोंबड्या होत्या. फक्त त्या धरता येत नव्हत्या.

* * *

गिरणीचा संप लांबला त्या साली वैभवचे आजोबा गुणाजी परब गावाहून एक कोंबडा आणि पाचसहा कोंबड्या घेऊन आले, आणि त्यांनी त्या चाळीच्या अंगणात सोडल्या. पिंजरा नाही. गावठी म्हणजे मोकळी, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम: सोमवार, गुरुवार, शनिवार कोंबडीला हात लावायचा नाही. श्रावणात तर नाहीच नाही. उरलेल्या दिवशी मूठभर तांदूळ घ्यायचे, "बाऽ बाऽ बाऽ" करायचं, जी पहिली पायाशी येईल ती उचलायची.

इथेच घोळ झाला. जी पहिली पायाशी येईल ती पातेल्यात गेली. जी दुसरी येणार होती ती पुढच्या रविवारी गेली. जी लांब उभी राहून 'बघू या काय होतंय ते' असा विचार करत होती, तिने अंडी घातली. तिची पिल्लं तिच्यासारखी, लांब उभी राहणारी. त्यातलीही जी जरा जवळ उभी राहिली, ती गेली.

असं चाळीस वर्षं चाललं.

आता परिस्थिती अशी होती की अंगणात कोणी "बाऽ बाऽ" केलं की कोंबड्या अदृश्य व्हायच्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मीराबाई भजनी मंडळ चालवायच्या. त्यांच्या वाळत घातलेल्या परकरांवर कोंबड्या बसल्या तर त्या काठी शोधत नसत, गॅलरीत येऊन प्रेमाने "बाऽ बाऽ" म्हणत. परकर तत्काळ मोकळे.

आरवणाऱ्या कोंबड्यांचंही तेच झालं. जो रविवारी पहाटे आरवला, तो कुठे बसलाय हे चाळीला कळलं. त्याचं आरवणं ते शेवटचंच. होता होता मुक्या कोंबड्यांचा वंश उरला. पण अगदीच मुका नाही. सध्याचा कोंबडा, ज्याला सगळे 'साहेब' म्हणत, तो सोमवारी आरवायचा. गुरुवारी आणि शनिवारीही. श्रावणात तर त्याचा घसा बसेपर्यंत. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार मात्र तो सगळा परिवार घेऊन समोरच्या टॉवरच्या बागेत जायचा. टॉवरचं नाव इंग्रजीत आणि तीन शब्दांचं होतं, पण चाळीच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की तो शुद्ध शाकाहारी होता. तिथला वॉचमन कोंबड्यांना ओळखायचा आणि चाळीतल्या माणसांना आत सोडायचा नाही.

"सोपंय रे," राजरत्न म्हणाला. राजरत्न कांबळे तळमजल्यावर राहायचा, दादरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा आणि वैभवचा बालवाडीपासूनचा मित्र होता. "तुझ्या आजोबांनी ढ खाल्ल्या. तुझ्या बाबांनी काठावर पास झालेल्या खाल्ल्या. आता उरल्यात त्या युपीएससीवाल्या. शिकारीचा मोसम आला की जनावर अभयारण्यात जातं. तुमचं अभयारण्य समोर आहे, पोडियम गार्डनसकट."

"लेक्चर नको. कोंबडा कसा धरायचा सांग."

"मला काय विचारतोस? मी दिसलो की त्या सोमवारीपण आडोशाला जातात. आमच्या घरी वार पाळत नाहीत हे त्यांना बरोबर कळलंय. संविधानात सगळे वार समान आहेत, पण कोंबड्यांनी वाचलेलं नाही."

गुणाजी दारात आरामखुर्चीवर बसून ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढे, दात मोजके, पण कान शाबूत.

"रानडुकरांचापण असाच झाला," ते म्हणाले. "आमच्या ल्हानपणी डुकर दुपारचे भातात येत. मगे गावात बंदुको इल्यो. दुपारचे येणारे मेले, रातचे येणारे उरले. आता गावात कोणाकय इचार, डुकर म्हणजे रातचोच. डुकरांका कोणी शिकवल्यान? आमीच!"

"आजोबा, मग दुपारचा डुक्कर परत आणायचा कसा?"

"त्येका वाटाक व्हया, बंदूक गावात नाय." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. ते झोपले, की त्यांचं म्हणणं संपलं, हे नेहमीप्रमाणे कळलं नाही.

* * *

बुधवारी वैभवने जाळं टाकून बघितलं. जाळ्यात मीराबाईंचा परकर आला. शुक्रवारी तो टॉवरच्या गेटवर पिझ्झाची पिशवी घेऊन डिलिव्हरी बॉय म्हणून गेला. वॉचमनने "किस फ्लॅट में?" विचारलं, आणि वैभव सवयीने म्हणाला, "आपका पार्सल रास्ते में है." त्याला बाहेर काढण्यात आलं. कठड्यावरून साहेबांनी हे सगळं शांतपणे बघितलं.

शनिवारी साहेब अंगणात आले, वैभवच्या चपलेजवळून गेले, आरवले. वैभवचा हात शिवशिवला. पण वर गॅलरीतून आई, म्हणजे सुभद्रा, ओरडली, "वैभ्या! आज शनिवार! हात लावशील तर जेवायला मिळायचं नाही!"

"नुसता धरून ठेवतो ना आई, उद्या कापू!"

"धरलास म्हणजे लावलास! आजोबांचा नियम आहे!"

वैभव पायरीवर बसला. फोनवर पूर्वीचा मेसेज होता: 'बाबांनी भूक राहावी म्हणून आजपासून कमी जेवायला सुरुवात केली आहे.'

राजरत्न शेजारी येऊन बसला. त्याबरोबर साहेब आडोशाला गेले. दोघंही त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"त्यांना वार कळतो कसा पण?" वैभव म्हणाला. "घरात कॅलेंडर तर नाही त्यांच्या."

"वार नाही कळत. आपण कळतो." राजरत्नचा आवाज एकदम क्लासमधला झाला. "रविवारी चाळ उशिरा उठते. खोबरं-कांदा भाजल्याचा वास. मटणाच्या लाइनीत जायला पिशव्या. सोमवारी लवकर उठतात, ऑफिसचे कपडे, साबुदाण्याचा वास, मीराबाईंचं भजन, तुझ्या आजोबांची घंटा. जी कोंबडी हे बघून वागली ती जगली. एवढंच."

वैभवने हळूच मान वळवली. "म्हणजे रविवारी सोमवार केला तर?"

"कोण करणार?"

"सगळे."

राजरत्नने मनातल्या मनात चाळीची बिऱ्हाडं मोजली. मग म्हणाला, "मी टाय लावीन."

* * *

आषाढातल्या शेवटच्या रविवारी सकाळी कोणी साबुदाणा भिजवत नाही. त्या दिवशी सगळं लालबाग-परळ मटणाच्या लाइनीत असतं. अशा दिवशी सातेरी निवासाने सोमवार करायचं कबूल केलं, यावरून चाळीची इभ्रत किती दुखावली होती ते कळावं. आपलाच कोंबडा खाऊन चाळीला कित्येक वर्षं झाली होती. मीराबाईंनी अट घातली, "सोमवार कोंबडा हातात येईपर्यंतच हां. तो आला की लगेच रविवार. माझे वडे थांबायचे नाहीत."

कमिटीने ते मान्य केलं. फक्त गुणाजींना सविस्तर समजावायचं राहिलं. सुभद्राने त्यांच्या कानाशी जाऊन "उद्या सोमवार करायचाय" एवढं सांगितलं. ते "बरा" म्हणाले.

रविवार उजाडला आणि चाळ कामाला लागली. तिन्ही मजल्यांवरून साबुदाण्याच्या खिचडीचा वास निघाला. मीराबाईंनी टाळ काढले. साडेआठला पुरुषमंडळी इस्त्रीचे कपडे घालून, डबे घेऊन, "उशीर झाला, उशीर झाला" करत बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन बसली. इराण्याने आयुष्यात पहिल्यांदा रविवारी एवढे टाय बघितले. दोघांनी सवयीने बॉसला शिव्या घातल्या, इतकं ते मनापासून चाललं होतं. पहिल्या मजल्यावरच्या एकाला तर खरंच सोमवारचं डोकं दुखायला लागलं.

आणि परबांच्या खोलीतून गुणाजींची घंटा वाजली. त्यांनी पहाटेच अंघोळ करून, सोवळं नेसून, महादेवाची पूजा मांडली होती.

समोरच्या टॉवरच्या कठड्यावर एक तुरा दिसला. तो डावीकडे वळला, उजवीकडे वळला. त्याने खिचडीचा वास घेतला असावा. भजन ऐकलं असावं. मग साहेब रुबाबात रस्ता ओलांडून, एका टॅक्सीला थांबवून, चाळीच्या अंगणात आले. मागे सगळा परिवार.

वैभव नळाजवळ उपाशी चेहरा करून उभा होता. त्याला चेहरा करावा लागला नाही, भूक खरीच लागली होती.

साहेब मान ताणून आरवले. रविवारी! चाळीच्या भिंतींनी असा आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी रडलं. आणि आरवताना कोंबडा डोळे मिटतो, एवढी एकच चूक चाळीस वर्षांची शिकार पुसू शकली नव्हती. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते वैभवच्या काखेत होते.

"धरला!" वैभव ओरडला.

"धरलाऽऽ!" गॅलऱ्या ओरडल्या. इराण्याकडून पुरुषमंडळी टाय उडवत धावत आली. मीराबाईंनी टाळ टाकून खोबरं हातात घेतलं. सुभद्राने चुलतसासूकडून आणलेला कोयता बाहेर काढला.

तेव्हा गुणाजी काठी टेकत दारात आले. कपाळावर भस्माचे पट्टे.

"कोयतो आत ठेव," ते म्हणाले. "आज सोमवार असा."

"अहो मामंजी, सोमवार खोटा होता," सुभद्रा म्हणाली. "कोंबड्यासाठी केला होता."

"तुमी खोटो केलात. मी पूजा केलंय. पूजा खोटी करूक येत नाय गो. घंटा वाजवली, बेल व्हायलो, उपास धरलंय. महादेवाक काय सांगू, थांब, ह्यो डेमो होतो?"

"आजोबा," वैभव काकुळतीला आला, "ठरलं होतं ना, कोंबडा हातात आला की रविवार चालू."

"सोमवार काय सिरीयल असा, मधीच बंद करूक?"

चाळीत चर्चा झाली. कोणी म्हणालं कॅलेंडर बघा. कोणी म्हणालं कॅलेंडर छापणाऱ्यापेक्षा उपास करणाऱ्याचा अधिकार मोठा. मीराबाईंनी हातातल्या खोबऱ्याकडे बघितलं, टाळांकडे बघितलं, आणि मान खाली घातली. भजन त्यांनीही मनापासून म्हटलं होतं, सगळे अभंग. प्रत्येकाला मनातून पटलं होतं की आपण फार चांगला सोमवार केला आहे. फारच चांगला केला होता, हीच अडचण झाली.

एवढ्यात गेटवर टॅक्सी थांबली. पूर्वी, आणि तिच्यामागे दोन दिवस कमी जेवलेले लवू सावंत.

* * *

लवू सावंत पाटावर बसले. सुभद्राने ताट ठेवलं. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप. लवूंनी ताटाकडे बघितलं. ताट फिरवलं, पलीकडून बघितलं.

"वैभवराव," ते म्हणाले, "कोंबडा कुठाय?"

"हा काय." वैभव उभा होता, काखेत साहेब. "धरलाय मी. हाताने. पण आजोबांनी सोमवार धरलाय."

"आज रविवार आहे!"

"आमच्या चाळीत नाही, काका."

लवूंचा आवाज चढला. "म्हणजे थापा? रविवारी यायला सांगायचं आणि खिचडी? आणि हा कोंबडा तूच धरलास कशावरून? बाजारातला असेल! पूर्वी, ऊठ. दिवाळीत बघू आपण. ठाण्याचा मुलगा..."

फोनवर वैभव रोज शेकडो लोकांना समजवायचा, पण इथे त्याला एकच वाक्य सुचत होतं, आणि ते पार्सलबद्दल होतं.

"बाबा," पूर्वी बसल्याबसल्या म्हणाली, "बाजारातला की अंगणातला, तुम्हाला हातात घेतल्यावर कळेल ना. तुम्ही तर आवाजावरून धरायचात. घ्या की."

"हो, घ्या," म्हणून वैभवने भाबडेपणाने साहेबांना पुढे केलं.

साहेबांनी मान लांब करून लवू सावंतांच्या डोळ्यांत बघितलं. लवू पाटासकट मागे सरकले. साहेबांनी पंख एकदा फडफडवले. लवू भिंतीला लागले, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो साहेबांच्या आवाजापेक्षा बराच वरच्या पट्टीतला होता.

गॅलरीतून चाळ बघत होती.

"बाबांनी कोंबडा आजवर रश्शातच बघितलाय," पूर्वी वैभवला हळूच म्हणाली, पण चाळीत हळूच असं काही नसतं.

लवू सावंतांनी घाम पुसला. शर्ट सारखा केला. मग घसा साफ करून, बसमध्ये मागच्या सीटलाही ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मी घेतला असता. पण सोमवारी मी कोंबड्याला शिवत नाही."

गुणाजींनी डोळे उघडले. "सोमवारच असा ना?"

लवूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. परतीची वाट नव्हती. "सोमवारच," ते म्हणाले, आणि पाट पुढे ओढून खिचडीला हात घातला.

तीनदा घेतली. तिसऱ्या वेळेला बोलणी झाली. साखरपुडा सोमवारीच करायचा ठरला, म्हणजे कोणाचीच पंचाईत नको. वैभवने साहेबांना अंगणात नेऊन सोडलं. सोडताना तो त्यांना "थँक्यू" म्हणाला, हे पूर्वीने बघितलं आणि लग्नानंतर वापरण्यासाठी जपून ठेवलं.

* * *

दुसऱ्या दिवशी खरा सोमवार होता. चाळ पुन्हा लवकर उठली, पुन्हा इस्त्रीचे कपडे, पुन्हा साबुदाणा; काहींना तर तो पाहूनच कसंतरी झालं. गुणाजी बेलाचं पान हातात धरून देवासमोर बसले. साहेब आरवले की पहिलं पान वाहायचं, ही त्यांची गेल्या कित्येक सोमवारांची रीत.

कोंबडा आरवला नाही.

गुणाजींनी वाट बघितली. पान हातात मऊ पडलं. वैभव ऑफिसला जायला निघाला होता, तो दारातच थांबला. अंगण रिकामं होतं. समोरच्या टॉवरच्या कठड्यावर तुऱ्यांची रांग दिसत होती, आणि ती खिचडीच्या वासाला हलत नव्हती.

"तुकाच बगतहत," गुणाजी म्हणाले. रागावून नाही, नुसतं सांगितलं.

"संपलं," क्लासला निघालेला राजरत्न दारात येऊन म्हणाला. "आता सोमवारवर विश्वास ठेवणाऱ्या मागे पडणार. पुढची पिढी साबुदाण्याला पण घाबरेल. अभिनंदन, भावा. तू नवीन जात तयार केलीस."

मंगळवारी वॉचमन स्वतः सांगायला आला की कोंबड्या आता आठवडाभर तिथेच असतात, एकीने सोसायटीच्या तुळशीखाली अंडं घातलंय, आणि शाकाहारी सेक्रेटरीसाहेब त्याकडे बघून त्याचं काय करायचं असतं असं विचारत आहेत. बुधवारी कमिटी बसली. ठराव झाला: रविवारी सोमवार झाला नाही, कोंबडा कोणी धरला नाही, त्या विषयावर अंगणात कोणी बोलू नये, कारण कोंबड्यांना सगळं कळतं.

पण गुणाजींचं सोमवारचं पान अजून हातातच होतं. ते बघून वैभवने राजरत्नला बसवलं, आणि दोघांनी मिळून एक अर्ज लिहिला. त्यावर सगळ्या चाळीच्या सह्या आहेत. लवू सावंतांचीही आहे.

प्रति,
मा. समस्त पंचांगकर्ते व कॅलेंडर छापणारे,

विषय: झालेल्या रविवाराचा सोमवार करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आषाढातील शेवटचा रविवार हा फक्त सातेरी निवास, करी रोड व समोरील टॉवरचा कठडा एवढ्या हद्दीपुरता, पूर्वलक्षी प्रभावाने सोमवार म्हणून घोषित करण्यात यावा. जेणेकरून सदर दिवशी आमच्याकडून कोणतीही फसवणूक झालेली नाही, व सोमवारी धरलेला कोंबडा सोमवारच्या रिवाजाप्रमाणे सोडण्यात आला, हे सिद्ध होईल. सुधारित कॅलेंडरची एक प्रत कोंबड्यांना दिसेल अशा उंचीवर लावण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत. यामुळे त्या आठवड्यात रविवार एक कमी पडणार असून, तो भरून देऊ नये, ही नम्र विनंती.

कळावे.